गोकुळच्या छातीतल्या तारा

फॉरवर्ड सर्जिकल सेंटरला माझी पोस्टिंग आली तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड, ऑपरेशन रूम असिस्टंट. सुट्टीवर आलो की पाचोऱ्याकडची मंडळी विचारायची, फौजेत नेमकं काय करतोस. मी सांगायचो, ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या हातात हत्यारं देतो. हत्यार म्हटलं की समोरच्याला बंदूकच दिसायची. मी कुणाला समजावत बसलो नाही.

सेंटर डोंगराच्या उतारावर होतं. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, छपरावर वाळूची पोती. आत एक ऑपरेशन टेबल, एक जनरेटर, हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचा एक ऑटोक्लेव्ह. त्याच्या वर, पायवाटेनं चढत गेलं की इन्फन्ट्रीच्या पोस्ट. वर कुणी जखमी झाला की आधी स्ट्रेचरवर खाली, मग ॲम्ब्युलन्समधून आमच्याकडे. आमचं काम एवढंच, की माणूस पुढच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत जिवंत पोचावा. सर्जन होते मेजर कुरियन. भूल द्यायला कॅप्टन सेठी. मेजर साहेब फार बोलत नसत. ऑपरेशनच्या वेळी हात पुढे करत आणि हत्याराचं नाव घेत, तेवढंच.

रोज सकाळी पी.टी. झाली की मी ऑटोक्लेव्ह लावायचो. हत्यारांचे सेट हिरव्या कापडात बांधलेले असत. पोटाचा वेगळा, हाडाचा वेगळा, छातीचा वेगळा. छातीचा सेट सगळ्यांत जड आणि सगळ्यांत कमी उघडला जाणारा. तरीही त्याची वेळ झाली की तो पुन्हा उघडायचा, मोजायचा, तेल द्यायचं, बांधायचा, वाफेत घालायचा.

त्यात काय असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपण शर्टाची बटणं लावतो त्याच्या बरोबर मागे एक चपटं हाड असतं. गळ्याच्या खळगीपासून पोटाच्या वरपर्यंत. त्याला आम्ही स्टर्नम म्हणतो. दोन्ही बाजूंच्या फासळ्या त्यालाच येऊन मिळतात. त्याच्यामागे हृदय. हृदयापर्यंत जायचं तर फासळ्या फाकवाव्या लागतात, नाहीतर हे हाड कापावं लागतं. फाकवायला रिब स्प्रेडर. दोन पोलादी पाती, मध्ये दातेरी पट्टी, एक मूठ. मूठ फिरवली की पाती एकमेकांपासून लांब जातात. हाड कापायला मोठ्या हॉस्पिटलात विजेची करवत असते. आमच्याकडे तारेची करवत होती. पीळ दिलेली खरखरीत तार, दोन्ही टोकांना कड्या. ती हाडाखालून घालायची आणि दोन्ही हातांनी आलटून पालटून ओढायची. शिवाय चोच असलेली छिन्नी, हातोडी. आणि शेवटी हाड पुन्हा जोडायला पोलादी तार, कारण हाडाला दोरा पुरत नाही. तार हाडाभोवती घ्यायची, पक्कडीनं पिळायची, आणि पिळाचं टोक वाकवून हाडात दाबायचं. नाहीतर ते कातडीखाली टोचत राहतं.

त्या दिवशी आभाळ खाली उतरलं होतं. हेलिकॉप्टर उडणार नव्हतं हे सकाळीच कळलं होतं. नाश्ता झाला आणि वरच्या बाजूला मॉर्टरचे आवाज सुरू झाले. आम्ही हातातलं काम ठेवलं. थोड्या वेळानं रेडिओ बोलला.

"एक कॅज्युअल्टी. स्प्लिंटर, लेफ्ट चेस्ट. होश में है. नीचे भेज रहे हैं. ओव्हर."

मेजर साहेब म्हणाले, "चेस्ट सेट."

मी गाठ सोडली.

त्याला आत आणलं तेव्हा दुपार व्हायची होती. उंच, शिडशिडीत जवान. डाव्या बाजूला फील्ड ड्रेसिंग, पूर्ण भिजलेलं. ओठ निळे पडलेले. सेंटरमधला माझा सोबती नायक थापा कात्रीनं त्याचे कपडे कापत होता तेव्हा जवान हळूच म्हणाला, "माय वं."

आमच्या भागाबाहेर असं कुणी म्हणत नाही. मी अजून हात धुऊन गाऊन चढवला नव्हता, म्हणून त्याच्या डोक्याशी जाता आलं. मी विचारलं, "कोठला शे भाऊ?"

त्यानं डोळे उघडले. "साक्रीकडला."

"मी पाचोराना."

त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. पण त्यानं माझं मनगट धरलं. नाव विचारलं तर सांगितलं, गोकुळ. मग म्हणाला, "माले झोपाडशात ना?"

"हा भाऊ. तुले काहीच समजाव नही."

त्यानं मनगट सोडलं. मी हात धुवायला गेलो. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, कुणाशीच बोलला नाही.

मेजर साहेबांनी आधी बरगड्यांमधून नळी घातली. नळीतून रक्त आलं ते थांबेना. बाटली भरली, दुसरी लावली. बाहेर रक्त द्यायला जवान रांगेत उभे होते, त्यांच्या बाह्या आधीच वर होत्या. कॅप्टन सेठींनी भूल दिली आणि सांगितलं की प्रेशर पडतंय. मेजर साहेबांनी डाव्या बाजूनं छाती उघडली. स्प्रेडर मागितला, मी दिला, त्यांनी मूठ फिरवली. आत फुप्फुसाची जखम होती, पण एवढं रक्त तिथलं नव्हतं. ते उजवीकडून, हाडाच्या मागून येत होतं. तिथं हात पोचत नव्हता.

"सॉ."

मी तारेची करवत दिली. त्यांनी ती हाडाखालून काढली आणि ओढू लागले. त्या करवतीचा आवाज मोठा नसतो. ओल्या लाकडासारखा असतो. हाड आडवं कापलं गेलं. त्यांनी उजवीकडेही तसाच छेद नेला आणि स्प्रेडर पुन्हा लावला. आता छाती या काखेपासून त्या काखेपर्यंत उघडी होती, पेटीचं झाकण वर करावं तशी.

हृदयाला भोक होतं. फार मोठं नव्हतं. मेजर साहेबांनी त्यावर बोट ठेवलं आणि रक्त थांबलं. त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, जमलं. त्यांनी बोटाखालून टाके घातले. मी एकामागून एक सुई देत गेलो. बोट काढलं. टाके टिकले. हृदय चालत होतं. संथ, पण चालत होतं. कॅप्टन सेठी म्हणाले, येतंय, सर, प्रेशर येतंय.

मग ते थांबलं. जेवढं रक्त गेलं होतं तेवढं आम्ही परत घालू शकलो नव्हतो. मेजर साहेबांनी दोन्ही तळव्यांत हृदय धरून दाबायला सुरुवात केली. बराच वेळ. मध्ये ते सुरू झालं, पुन्हा थांबलं. कॅप्टन सेठी काहीतरी बोलले. मेजर साहेबांनी ऐकलं नाही. ते पुन्हा बोलले तेव्हा साहेबांनी हात बाहेर काढले.

"टाइम?"

थापानं घड्याळ बघून वेळ सांगितली.

माणूस गेला की छाती बंद करायला हाड जोडत नाहीत. वरून जाड दोऱ्यानं कातडी शिवायची, बस. मी जाड दोरा ओवून हातात धरला होता. साहेबांनी तो घेतला नाही.

"वायर, महाजन."

मी थांबलो. मला वाटलं चुकून म्हणाले.

"घर जा रहा है वो," साहेब म्हणाले. "ठीक से बंद करेंगे."

मी तार दिली. त्यांनी हाडाची दोन्ही टोकं एकमेकांना लावली, दोन तारा घेतल्या, पिळल्या. टोकं वाकवून हाडात दाबली, जिवंत माणसाच्या दाबतात तशी. मग कातडी बारीक टाक्यांनी शिवली. नंतर मी आणि थापानं त्याला पुसून काढलं, केस विंचरले, नवा युनिफॉर्म चढवला. दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं आणि हेलिकॉप्टरनं त्याला नेलं. मी हत्यारं धुतली. तारेच्या करवतीच्या पिळात हाडाचा भुगा अडकतो, तो ब्रशनं काढावा लागतो. मग सेट बांधला आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवला.

पुढच्या वार्षिक सुट्टीत मी जळगावहून धुळ्याला आणि धुळ्याहून साक्रीच्या एस.टी.त बसलो. जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, गाव त्याच्या कागदांवर वाचलं होतं. त्याच्या शेवटच्या तासात त्याच्याशी त्याच्या बोलीत बोललेला मी एकटाच होतो. घरच्यांना हे माहीत असावं असं वाटलं, एवढंच.

गावाच्या फाट्यावर त्याचा फोटो लावलेला चौथरा होता. खाली लिहिलं होतं, शत्रूने छाती फाडली तरी मागे हटला नाही. मी ते दोनदा वाचलं. वाटलं, लिहिणाऱ्याची भाषा असेल.

घरी थोरला भाऊ होता, सोपानभाऊ. शेतकरी माणूस, माझ्याहून थोडा मोठा. वडील आधीच वारलेले. आई मागे न्हाणीत होती. मी कुठून आलो एवढंच सांगितलं, तर त्यांनी मला गोठ्यात नेलं आणि वळचणीतून प्लॅस्टिकचा डबा काढला. ते सांगत होते ते मी उभ्यानं ऐकलं.

पेटी घरी आली तेव्हा आईनं मुलाला छातीशी धरताना शर्ट सरकला होता. काखेपासून काखेपर्यंत टाके तिनं बघितले. तिनं ओरडून विचारलं की हे कुणी केलं. बरोबर आलेल्या तुकडीतल्या पोरांना माहीत नव्हतं, ती दुसऱ्याच युनिटची होती. कुणीतरी गर्दीतून म्हणालं, शत्रूनं. मग तिसऱ्या दिवशी राख सावडताना या निघाल्या. असं म्हणत सोपानभाऊंनी डबा उघडला. जळून काळ्या-निळ्या झालेल्या दोन तारा होत्या. गावानं ठरवलं की त्याला पकडून तारेनं बांधलं आणि जिवंतपणी छाती फाडली. आईनं अस्थी पांझरा नदीत सोडल्या, पण शत्रूची तार लेकाबरोबर जाऊ दिली नाही. घरातही आणू दिली नाही. म्हणून ती गोठ्यात.

मी तारा हातात घेतल्या. दोन्हींची टोकं वाकवलेली होती. मी सोपानभाऊंना सांगितलं की या आमच्या आहेत, आणि कशा ते सांगितलं.

त्यांनी तारा परत डब्यात ठेवल्या. मग त्यांनी मला समजावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, गावात त्याचे कार्यक्रम होतात, ती गोष्ट ऐकून तालुक्यातली पोरं भरतीला पळतात. गोकुळचं नाव शाळेत घेतात. उद्या लोक म्हणतील, ऑपरेशनमध्ये मेला. हॉस्पिटलात तर कुणीही मरतो. "तुम्ही भलं सांगाले उनात, माले समजस," ते म्हणाले. "पन ऱ्हावू द्या."

मला त्यांचं म्हणणं खोटं वाटलं नाही. त्यांनी भाऊ गमावला होता आणि जे हातात उरलं होतं ते ते राखत होते. मी विचारलं, आई कशी आहे. ते म्हणाले, जेवत नाही. झोपली की दचकून उठते आणि म्हणते, त्याला सोडा.

आम्ही घरात आलो. आईनं चहा आणला. ठेंगणी बाई, पदर घट्ट खोवलेला. मी पाया पडलो. ती समोर बसली. गोकुळबरोबर होतास का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, शेवटी होतो. तिनं सोपानभाऊंकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत लेकाबद्दल विचारलं.

"भाऊ, मना आंडोरनी छाती कोनी फाडी?"

सोपानभाऊ दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं.

"आम्ही उघाडी, माय. डॉक्टर साहेबनी आनि मी."

तिनं विचारलं, "कसाले?"

"आत रगत भरेल व्हतं. हृदयले भोक पडेल व्हतं. ते शिवाकरता."

"शिवं का?"

"शिवं. चालनं बी थोडं. मंग थांबनं."

चहा तसाच होता. अंगणात कुणीतरी मोटारसायकल सुरू केली, ती गेली. मग तिनं विचारलं, "त्याले दुखनं का?"

"नही. झोपेल व्हता. झोपाना आधी माले त्यानी तेच इचारं व्हतं."

तिनं तोंडाला पदर लावला. रडली, पण आवाज केला नाही. सोपानभाऊ दारातून बाहेर गेले.

नंतर तिनं मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. रक्त द्यायला उभ्या राहिलेल्या पोरांचं सांगितलं. साहेबांनी हृदय हातात धरलं होतं ते सांगितलं. हाड कुठं असतं हे तिला कळेना, म्हणून मी माझ्या छातीवर दाखवलं. तिनं हात पुढे करून माझ्या शर्टावरून ते हाड चाचपलं, वरपासून खालपर्यंत, आणि मग स्वतःचं चाचपलं. तारांचं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, मेलेल्याला कशाला लावल्या. मी साहेब जे बोलले ते सांगितलं, की तो घरी जाणार होता.

तिनं सोपानभाऊंना हाक मारली आणि डबा घरात आणायला सांगितला. त्यांनी आणून दिला. तिनं तारा काढून पदरात बांधल्या. त्या दिवशी संध्याकाळीच ती त्या तारा नदीत सोडायला घेऊन गेली, हे मला नंतर कळलं.

फाट्यापर्यंत सोपानभाऊ मला सोडायला आले. एस.टी. येताना दिसली तेव्हा म्हणाले, तुमचं तुम्ही सांगून मोकळे झालात. मला इथं राहायचंय. मी म्हटलं, हो.

त्यानंतर बरेच दिवस त्यांचा फोन नव्हता. मी केला तर ते उचलत नसत. मग पुढच्या पुण्यतिथीला त्यांनी आपणहून केला. कार्यक्रमात पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे फाडलेल्या छातीवर आले. पुढच्या रांगेत बसलेली आई उठली. पाहुणे थांबले. ती म्हणाली, "मना गोकुळनी छाती डॉक्टरनी उघाडी, त्याले वाचाडाकरता. त्याले कोनी बांधेल नही." आणि खाली बसली. मागच्या रांगांतून काहींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शेवटी शाळेच्या हेडमास्तरांनी टाळ्या थांबवून सगळ्यांना उभं केलं आणि शांतता पाळायला लावली. चौथऱ्यावरची ओळ मात्र आहे तशीच आहे. ती पुसायला कुणी पुढे आलं नाही, आणि आईनंही पुसा म्हटलं नाही. रात्री ती आता झोपते, एवढं सोपानभाऊंनी सांगितलं.

मी रिटायर झालो. पिंप्राळ्यात घर केलं. जळगावात एका खासगी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरला काम करतो. तिथं विजेची करवत आहे. असोद्याचे, भुसावळचे, कुठकुठले लोक येतात, व्यापारी येतात, मजूर येतात. स्टर्नम कापला जातो, हृदयाचं काम होतं, तारा पिळल्या जातात आणि बहुतेक माणसं काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी जातात. कुणी घरी जाताना छातीवर हात ठेवून विचारतो, या तारा काढायच्या कधी. मी सांगतो, काढायच्या नसतात. त्या तुमच्याच आता.

मेजर कुरियन पुढे कर्नल झाले आणि दक्षिणेत आपल्या गावी गेले. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. थापा त्याच सेक्टरमध्ये पुढच्या हिवाळ्यात गेला. हिमकडा कोसळला, त्यात. तोही चांगला माणूस होता. त्याच्या घरी मी अजून जाऊ शकलेलो नाही. त्याचं गाव फार लांब आहे.

साक्रीकडे मी आता वर्षातून एकदा जातो. सोपानभाऊ फाट्यावर घ्यायला येतात. आई जेवायला वाढते आणि गोकुळबद्दल बोलते. पहिल्या भेटीत तिच्याकडे त्याची एकच गोष्ट होती, टाक्यांची. आता पुष्कळ आहेत. तो भाकरीचा फक्त पापुद्रा खायचा आणि खालचा भाग भावाच्या ताटात टाकायचा. भरतीच्या धावण्याची तयारी करताना गावचं कुत्रं रोज त्याच्याबरोबर पळायचं. पहिल्या पगारात त्यानं आईला घड्याळ आणलं, तिला वेळ वाचता येत नाही हे ठाऊक असून. तिनं विचारलं कशाला, तर म्हणाला, मी फोन करीन तेव्हा काटे कुठं असतील ते दाखवून ठेवतो.

लान्सनायक गोकुळ देवरे. आई सांगते, त्याला पोहता येत नव्हतं आणि हे त्यानं फौजेत कुणाला कळू दिलं नाही. हे सांगताना ती हसते.